सिव्हिलच्या पदवीत स्वतंत्र संशोधनाला क्रेडिट : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

उन्हाळ्याच्या सुट्टीत लॅबमध्ये राबून एखादी विद्यार्थिनी चांगले निकाल घेऊन येते आणि विचारते, "सर, याचे क्रेडिट मिळतील ना?" बहुतेक वेळा नाही म्हणावे लागते आणि ते म्हणताना फार वाईट वाटते. काम खरे असते, मेहनत खरी असते, फक्त नोंदणी झालेली नसते. क्रेडिट मिळते ते सत्राच्या सुरुवातीला नोंदवलेल्या आणि सत्राच्या शेवटी तपासलेल्या कामाला. झालेले काम नंतर क्रेडिटमध्ये बदलून घेता येत नाही. म्हणून ही माहिती आधीच्या सत्रात वाचावी, सबमिशनच्या आठवड्यात नाही.

क्रेडिट नेमके कुठे बसते

राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचे शिकणे. चार क्रेडिटचे संशोधन म्हणजे 120 तास, आणि 15 आठवड्यांचे सत्र धरले तर आठवड्याला आठ तास. वेळापत्रकात हे आठ तास कुठून येणार, हे अर्ज करण्याआधी कागदावर मांडून बघा. गाईड पहिला प्रश्न हाच विचारतात.

महाराष्ट्रात 2023 च्या शासन निर्णयाने अभियांत्रिकी पदवीची रचना बदलली. चार वर्षांना 160 ते 176 क्रेडिट, आणि त्यात अनुभवाधारित शिक्षणाचा वेगळा भाग : संशोधन पद्धतीला 4, क्षेत्र प्रकल्प किंवा समाजाशी जोडलेल्या प्रकल्पाला 2, प्रोजेक्टला 4 आणि इंटर्नशिपला 12. यापलीकडे जाऊन 18 ते 20 जादा क्रेडिट घेतले, तर 'संशोधनासह ऑनर्स' पदवीची वाट आहे.

आता तुमचे कॉलेज स्वायत्त आहे की विद्यापीठाशी संलग्न, हे पाहा. बाकी सगळे त्यावर ठरते. संलग्न कॉलेजमध्ये विषय आणि गुणदान विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते. 'स्वतंत्र अभ्यास' नावाचा नवा विषय तुमच्यासाठी विभागप्रमुख तयार करू शकत नाहीत. तिथे तुमचे संशोधन वर सांगितलेल्या शीर्षकांपैकी एकात बसवावे लागते. स्वायत्त कॉलेजमध्ये नियमपुस्तिकेत तरतूद असेल, तर एका इलेक्टिव्हच्या (ऐच्छिक विषयाच्या) जागी एकट्याने केलेला संशोधन प्रकल्प घेता येतो. ही पुस्तिका कॉलेजच्या संकेतस्थळावर असते. तुमच्या बॅचला कोणत्या वर्षाची पुस्तिका लागू आहे तेही तपासा. सीनियरने सांगितलेला नियम त्याच्या पॅटर्नचा असतो.

(बारावीच्या मुलांसाठी एवढेच : सिव्हिलच्या प्रवेशाला भौतिकशास्त्र, गणित यांसह 45 टक्के, राज्यातील राखीव प्रवर्गांना 40 टक्के, आणि सीईटी लागते. डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाची वाट आहे. पसंतीक्रम भरताना कॉलेज स्वायत्त आहे का आणि काँक्रीट व मृदा यांच्या लॅब खरोखर चालतात का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा.)

पात्रता

किमान सीजीपीए किती हवा, बॅकलॉग चालतो का, कोणत्या सत्रापासून परवानगी, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते आणि पुस्तिकेत छापलेले असते. ऑनर्स आणि मायनर (दुसऱ्या शाखेचा जोडविषय) यांची नोंदणी ठरावीक सत्रातच होते, ती चुकली की पुन्हा संधी नसते. कागदावरच्या पात्रतेइतकीच दुसरी एक पात्रता मला महत्त्वाची वाटते : ज्या विषयात काम करायचे त्याचा मूळ पेपर झालेला असावा. मृदा यांत्रिकी शिकण्याआधी काळ्या मातीच्या स्थिरीकरणावर काम घेतले, तर निम्मे सत्र अटरबर्ग मर्यादा (किती पाण्याला माती घट्ट, लवचिक किंवा पातळ होते) समजून घेण्यात जाते.

विषय निवडताना कॅलेंडर समोर ठेवा

अर्ज कधी बारगळतो, तर विषय सत्रात मावत नाही तेव्हा. सिव्हिलमध्ये पदार्थ स्वतःच्या गतीने चालतात. काँक्रीटला ठरलेली ताकद यायला 28 दिवस लागतात. सोक्ड सीबीआरचा, म्हणजे रस्त्याखालच्या मातीची भिजल्यावरची ताकद मोजण्याच्या चाचणीचा, नमुना 96 तास पाण्यात ठेवावा लागतो, म्हणजे सोमवारी बुडवलेला साचा शुक्रवारी काढायचा आणि त्याच दिवशी मशीन मोकळी हवी.

एक हिशेब मांडून दाखवतो. पाडलेल्या इमारतींच्या काँक्रीटची खडी नव्या काँक्रीटमध्ये वापरायची, असा विषय घेतला. खडी-वाळूसाठीच्या आयएस 383 या भारतीय मानकाची 2016 ची आवृत्ती अशी खडी एम 25 या ताकदीच्या दर्जापर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये 20 टक्क्यांपर्यंत वापरू देते. मग 0, 10, 20 आणि 30 टक्के अशी चार मिश्रणे ठरतात आणि प्रश्नही नेमका होतो : मानकाच्या मर्यादेच्या अलीकडे-पलीकडे आपल्या भागातल्या खडीचे वागणे कसे आहे? चार मिश्रणे, 7 आणि 28 दिवस अशी दोन वये, प्रत्येक वेळी तीन क्यूब (दाबाखाली फोडून ताकद मोजायचे काँक्रीटचे ठोकळे), म्हणजे 24 क्यूब. 150 मिलिमीटरचा एक क्यूब साधारण आठ किलोचा, तेव्हा जवळजवळ 200 किलो काँक्रीट हाताने कालवायचे, भरायचे, उचलायचे. सिमेंट एका गोणीत भागेल, पण चाचणी मिश्रणांसाठी दुसरी गोणी धरा. साचे किती आहेत ते लॅब असिस्टंटना विचारा. सहाच साचे असतील तर एका दिवशी एकच मिश्रण भरता येईल.

7 आणि 28 हे दोन्ही सातच्या पाढ्यातले, म्हणून ज्या वारी क्यूब भरले त्याच वारी ते फोडायला येतात. 90 दिवसांची ताकद हवी असेल तर मात्र सोमवारी भरू नका, नव्वदावा दिवस रविवारी येतो. माझ्या विद्यार्थिदशेत आमच्या गटाने दिवाळीच्या तोंडावर क्यूब भरले. सुट्टीत क्युरिंगच्या (क्यूब पाण्यात मुरवण्याच्या) टाकीतले पाणी उतरले आणि आठ क्यूब अर्धे उघडे पडले. ते निकाल आम्ही अहवालातून काढून टाकले आणि पुन्हा भरायला वेळ उरला नव्हता. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना आधी सुट्ट्यांची यादी मागतो, विषय नंतर.

संगणकावरच्या कामाला साचे लागत नाहीत, पण तिथेही मोजमाप जुळावे लागते. पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, त्यावर काम करावेसे अनेकांना वाटते आणि ते वाटणे योग्यच आहे. हवामान विभागाची 1901 पासूनची चौकटवार पर्जन्य आकडेवारी मोफत मिळते. पण ती चौकट 0.25 अंशांची, म्हणजे साधारण 27 किलोमीटर बाजूची, आणि आकडे दिवसाचे. काही तासांत चढलेला ओढ्याचा पूर त्यात दिसणार नाही. हीच आकडेवारी संपूर्ण खोऱ्याच्या मोसमी पावसाचा कल पाहायला उत्तम आहे. प्रश्न आकडेवारीच्या मापाचा घ्या.

विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलांनी दाराशी असलेल्या साहित्याकडे पाहावे. काळी कापसाची माती तिथे आहे आणि कोराडी, चंद्रपूर, परळीच्या वीज केंद्रांची राखही. नाशिकची मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था या दोन्ही राज्यातच आहेत. 1916 पासून चालत आलेल्या खडकवासल्याच्या संस्थेत धरणांची आणि बंदरांची भौतिक प्रतिरूपे पाहून आलेला विद्यार्थी प्रश्न वेगळ्या नजरेने विचारतो.

कागदपत्रे

यादी लांब नाही, पण प्रत्येक कागदाला सही लागते आणि सह्यांना दिवस लागतात :

- विभागप्रमुखांच्या नावे अर्ज : कोणत्या शीर्षकाखाली, किती क्रेडिट, कोणते सत्र
- गाईडचे लेखी संमतिपत्र. बाहेरचे सहमार्गदर्शक असतील तर त्यांचेही
- सिनॉप्सिस (नियोजित कामाचा थोडक्यात आराखडा)
- मागील सर्व सत्रांच्या गुणपत्रिका
- लॅब आणि यंत्रांच्या वापराची परवानगी, सुरक्षिततेचे हमीपत्र
- बाहेरच्या संस्थेत किंवा साइटवर जायचे असल्यास बोनाफाईड आणि कॉलेजचे शिफारसपत्र
- गावात काम असेल तर ग्रामपंचायतीचे परवानगीपत्र

शेवटचा कागद बरेच जण नंतरवर टाकतात. नळपाणी योजनेची गळती मोजायला गेलेल्या मुलांना गावात कुणी अडवत नाही, चहासुद्धा पाजतात. पण ते आकडे अहवालात छापायचे तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आधी लेखी कळवलेले असावे. घरोघरी प्रश्न विचारणार असाल तर माहिती कशासाठी घेतो ते सांगून संमती घ्या आणि नावे अहवालात टाकू नका.

सिनॉप्सिस दोन पानांचा पुरे. पहिल्या परिच्छेदात प्रश्न एका वाक्यात यावा. 'काँक्रीटवरील अभ्यास' हे वाक्य प्रश्न नाही. मग आधी काय झाले आहे, तुम्ही कोणती चाचणी कोणत्या मानकानुसार करणार, किती नमुने, आणि आठवडावार वेळापत्रक. भारतीय मानके ब्यूरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत उतरवता येतात, तेव्हा फोटोकॉपीच्या जुन्या प्रतीवर विसंबू नका. शेवटी खर्च लिहा, भले तो दोन गोण्या सिमेंट आणि टेम्पोच्या भाड्याचा असो. खर्च लिहिलेला सिनॉप्सिस वाचताना समितीला कळते की या मुलाने काम डोळ्यांसमोर आणून पाहिले आहे.

अर्जाचा क्रम

आधीच्या सत्राच्या शेवटच्या महिन्यात गाईडना भेटा. 'विषय द्या' म्हणून जाण्यापेक्षा दोन प्रश्न लिहून न्या. त्यांच्या अलीकडच्या कामातले काही वाचून गेलात तर बोलणे लवकर मुद्द्यावर येते. त्यांनी होकार दिला की सिनॉप्सिस त्यांच्याकडून तपासून घ्या, मग विभागीय समितीसमोर मांडणी, विभागप्रमुखांची सही, आणि शेवटी शैक्षणिक विभागात नोंदणी. नोंदणीच्या पावतीवर विषयाचा सांकेतांक आणि क्रेडिटचा आकडा दिसलाच पाहिजे. तो नसेल तर तिथेच थांबून विचारा.

सत्रात निदान एक मधला आढावा असतो, शेवटी अहवाल आणि व्हायवा. पहिल्या दिवसापासून तारखांसह लॅबची वही ठेवा, फसलेल्या चाचण्यांसकट. व्हायवात बाहेरचे परीक्षक ती वही उघडतात तेव्हा तुमचे काम तुमचेच आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. उचलेगिरीबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम 10 टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड लावत नाहीत. कॉलेजची मर्यादा त्याहून कडक असू शकते.

सुट्टीतल्या फेलोशिपचे वेगळे पाहावे लागते. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थीही तिला अर्ज करू शकतात. अनुभव फार मोलाचा. त्याचे क्रेडिट हवे असतील तर जाण्यापूर्वीच ती इंटर्नशिप म्हणून विभागात नोंदवा आणि परतताना तासांचा उल्लेख असलेले प्रमाणपत्र आणा.

क्रेडिट खात्यात जमा होताना

मिळालेले क्रेडिट शैक्षणिक क्रेडिट बँकेत कॉलेज किंवा विद्यापीठ जमा करते, विद्यार्थी नाही. तुमच्याकडे फक्त 12 अंकी अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक) हवा, तो डिजिलॉकरवरून निघतो. इथे आपल्याकडे हमखास एक अडचण येते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आधारवर बहुधा उलट क्रम, आणि कधी मधले नावच नाही. नावे जुळली नाहीत तर क्रेडिट अडकून राहतात. दुरुस्ती आधारमध्ये करायची की विद्यापीठाच्या नोंदीत, हे परीक्षा विभागात विचारून दुसऱ्या वर्षातच उरकून घ्या. निकालानंतर दोन-तीन आठवड्यांनी खाते उघडून संशोधनाचा विषय आणि त्याचे क्रेडिट दिसतात का पाहा. दिसले नाहीत तर नोंदणीची पावती आणि गुणपत्रिका जोडून परीक्षा विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.