मातीचा रंग आणि मातीचा लेप

आपल्या रानाची माती घेऊन, त्या रानाचा आपलेपणा आणि राखण दाखवणारं चित्र मिश्रमाध्यमात (रंग, कागद, लेप एकत्र वापरून) करताना बहुतेकांची गफलत एकाच ठिकाणी होते. चिखलात फेविकॉल कालवायचं आणि त्याच वाडग्यातून पातळ हात मारायचा, जाड थरही द्यायचा. मग पातळ भाग बोटाला लागत राहतो आणि जाड भाग पोपडा होऊन सुटतो. रंगाला बारीक कण लागतो, लेपाला भरड. गल्लत तिथेच होते.

रंगासाठी कोल्हापूर जिल्ह्यातल्या पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडची तांबडी माती घ्या. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, त्यामुळे उन्हाने विटत नाही. ढेकळं फोडून बादलीभर पाण्यात ढवळा आणि मिनिटभर थांबा. वाळू तळाला बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. रात्रभरात गाळ बसतो. वरचं पाणी काढून तो वाळवा, वाटा, वस्त्रगाळ करा. 1 भाग डिंक 2 भाग कोमट पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, बुरशी नको म्हणून दोन थेंब लवंगतेल टाका. भुकटी आणि डिंकपाणी सुरुवातीला सारखंच घ्या. वाळलेला फटकारा बोटाला लागला तर डिंक कमी पडला. चकाकून तडकला तर जास्त झाला.

त्याच जिल्ह्यातल्या शिरोळकडच्या काळ्या मातीचा रंग करायला गेलात तर निराशाच होते. ओली असताना काजळासारखी दिसते, वाळली की राखाडी. तिचं खरं काम लेपात. पण ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेतात पडतात त्याच भेगा चित्रातही पडतात. म्हणून 1 वाटी मातीला 2 वाट्या बारीक वाळू, अर्धी वाटी सेंटिमीटरभर कापलेलं उसाचं पाचट, अर्धी वाटी फेविकॉल आणि मुठीत गोळा धरेल इतकंच पाणी. ताणलेल्या कॅनव्हासवर हा लेप टिकत नाही, कारण कापड हलतं. 9 मिलिमीटर प्लायवूड घ्या आणि दोन्ही बाजूंनी प्रायमर मारा. एकच बाजू ओली झाली तर फळी वाकते. लेप येणार तिथे गोणपाट चिकटवा. एका वेळी 3 मिलिमीटरच थर द्या आणि तो सावलीत पूर्ण वाळल्यावरच दुसरा. भेगा मुद्दाम हव्या असतील तर वाळू कमी करा, गोणपाट मात्र ठेवा. तुकडे तोच धरून ठेवतो.

चित्रात रंग आणि लेप या दोघांची जागाही वेगळी. आपलेपणा रंगात मुरतो: सातबाऱ्याची झेरॉक्स फळीवर चिकटवून वरून पातळ तांबडा हात दिला की गट नंबर मातीखालून दिसत राहतो. इंकजेटची प्रिंट नको, तिची शाई ओलाव्याने फुटते. राखण मात्र लेपाचं काम. चित्रातला शेताचा बांध लेपाने उंच उठला, त्यावर बोट फिरवता आलं, तरच इथे कुणीतरी पहाऱ्याला आहे असं वाटतं. लेप आधी, रंग नंतर. उलट केलंत तर ओल्या लेपाच्या कडेने डिंकाचा रंग परत विरघळून डाग पडतो.

बांधावर म्हसोबाचा दगड बसवणार असाल तर शेंदूर तेलात कालवू नका. तेल लेपात पसरतं आणि पारंपरिक शेंदरात शिसं असतं. ॲक्रिलिकचा केशरी पुरे. जोंधळ्याचे दाणे रोवायचे असतील तर तव्यावर भाजून घ्या, नाहीतर ओल्या लेपात त्यांना मोड येतात आणि थर उचलला जातो.