किल्ल्याखालचा समुद्र: वसईतल्या 'कवीं'च्या वादाची पार्श्वभूमी

वसई रोड स्टेशनवरून किल्ल्याकडे निघालेली बहुतेक माणसं चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी उतरतात, तटावर फिरतात, पडक्या चर्चच्या कमानीत फोटो काढतात आणि परततात. रस्ता मात्र तिथे संपत नाही. तो किल्ल्याच्या पोटातून आरपार जाऊन किल्लाबंदराला पोचतो आणि पुढे पाचूबंदर लागतं. हिवाळ्यात आलात तर आधी वास येतो, मग वलांड्या दिसतात. बांबूंच्या उभ्या-आडव्या चौकटी आणि त्यांवर ओळीने बोंबील. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी बांबूवर टाकायची. गाठ नाही, सुतळी नाही. बायका बोलता बोलता पाटी रिकामी करतात, हाताकडे बघतही नाहीत.

हे बोंबील कुठल्या पाण्यातून आणायचे, यावरून वसई-उत्तनचे मच्छीमार आणि सातपाटी-डहाणूचे मच्छीमार गेली कित्येक वर्षं भांडत आहेत. भांडण आहे ते 'कवीं'चं, म्हणजे समुद्रात जाळं बांधायच्या ठरलेल्या जागांचं. बातमी येते ती 'भर समुद्रात हाणामारी' एवढीच. तिच्यामागचं इतकं जुनं आहे की थोडं मागे जावं लागतं.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने पोर्तुगीजांशी तह केला. वसई, तिचा मुलूख, बेटं आणि समुद्र, सगळं त्या तहाने पोर्तुगालच्या राजाला दिलं. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती जहाजांनी वसईहूनच निघायचं, वसईलाच परतायचं आणि जकात भरायची, अशी अटही त्यात होती. म्हणजे इथला समुद्र पहिल्यापासून कागदावर आहे, पण तो जहाजांचा समुद्र. त्याच पाण्यात जाळी टाकणाऱ्या कोळ्याचा त्या कागदात उल्लेख नाही. पुढच्या दोनशे वर्षांत वसई पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाली. चर्च आणि मठ उभे राहिले, जहाजं बांधली गेली. १७३९ची मोहीम सर्वांना पाठ आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही. १८०२च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने याच गावात इंग्रजांशी तह केला. १८६७मध्ये विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली आणि वसईची केळी, भाजी, फुलं आणि मासळी शहराच्या बाजारात जाऊ लागली.

राज्यं बदलली, किल्ल्याखालचे कोळीवाडे जागचे हलले नाहीत. त्यातले बरेच कोळी पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले. मुंबईत नोकरीसाठी येणाऱ्या गोव्याच्या ख्रिस्त्यांपासून आपण वेगळे, हे दाखवायला १८८७मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, मुंबई परिसरातल्या मूळच्या ख्रिस्ती पुढाऱ्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. वसईत ते सगळ्यांनीच आपलं मानलं असं नाही. इथला कोळी ख्रिस्ती असो की हिंदू, ओळख विचारली की आधी कोळीच म्हणतो. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, क्रूस असतो किंवा एकवीरेचं नाव असतं, पण जाळं दोघांचं एकच, डोल.

वादाचं मूळ या डोल जाळ्यात आहे. उत्तर कोकणापासून खंभातच्या आखातापर्यंत भरती-ओहोटीचा ओढ फार जोराचा. दक्षिणेला रत्नागिरीकडे तो तसा नाही, म्हणून तिकडे डोलही फारशी नाही. डोल म्हणजे लांबलचक पिशवी, तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळती. तिच्यामागे धावावं लागत नाही. ती समुद्रात एका जागी बांधायची आणि पाण्याचा ओढ बोंबील, मांदेली, करंदी, जवळा आपणहून तिच्यात आणून सोडतो. पाणी फिरायच्या आत ती उचलायची. उधाणाला ओढ मोठा, म्हणून धंदाही मोठा. भांगाला, म्हणजे ओढ कमी असतो तेव्हा, होड्या बंदरात आणि माणसं जाळी शिवायला. पण जाळं एका जागी ठेवायचं तर समुद्राच्या तळात खुंट रोवावे लागतात. खुंट रोवलेल्या त्या ठरलेल्या जागेला म्हणतात कव. अनेकवचन कवी. पद्य लिहिणाऱ्या कवीशी या शब्दाचा संबंध नाही, पण वर्तमानपत्रात 'कवींचा वाद' वाचून शहरातला वाचक गोंधळतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

एकाच शब्दात इथे तीन गोष्टी येतात. कव म्हणजे लाकूड, कव म्हणजे पाण्यातली जागा आणि कव म्हणजे त्या जागेवरचा हक्कही. हा हक्क बापाकडून मुलाकडे येतो, भावांत वाटला जातो. गावाला माहीत असतं कोणाची कव कुठे. सातबारा मात्र नाही. जमिनीवरच्या वाडीचा उतारा काढता येतो, कवीचा काढता येत नाही. तहात समुद्र देऊन टाकणारे राजे होऊन गेले, पण त्या समुद्रातली एका कुटुंबाची जागा कोणत्याच राजवटीने लिहून ठेवली नाही.

गावाजवळच्या पाण्यात मासळी होती तोवर हे निभावलं. मग होड्यांना इंजिनं आली, बर्फ आला, किनाऱ्याजवळ ट्रॉलर फिरू लागले, मुंबई आणि उपनगरांचं सांडपाणी खाड्यांतून समुद्रात येत राहिलं. जवळची मासळी आटली तशा वसई, अर्नाळा, उत्तनच्या कवी खोल पाण्यात आणि उत्तरेला सरकत गेल्या, थेट पालघर-डहाणूसमोर. तिथे सातपाटी, वडराई, मुरबे, डहाणूचे मच्छीमार दालदा पद्धतीने पापलेट, घोळ, सुरमई धरतात. त्यांचं जाळं प्रवाहाबरोबर वाहत जातं, त्याला मोकळं पाणी लागतं. खुंटांची रांग आडवी आली की ते अडकतं, फाटतं आणि त्या दिवसाचा डिझेलखर्चही निघत नाही. आमच्या गावासमोरचा समुद्र आमचा, असं ते म्हणतात. समुद्राला कुंपण नसतं आणि आम्ही इथे पिढ्यान्‌पिढ्या येतो, असं वसईकर म्हणतात.

मला दोन्ही बाजूंचं बोलणं खरं वाटतं, पण कव काढून टाका असं सहज म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. दालदावाला दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतो. अवघड जाईल, पण जाऊ शकतो. कव उपटली की डोलवाल्याकडे जागा उरत नाही आणि हक्कही. सातपाटीकर यावर म्हणतील की तुमची वाढ आमच्या पाण्यात झाली, आणि त्यांना खोडून काढायला माझ्याकडे कागद नाही. कागद कोणाकडेच नाही. बैठका झाल्या, रेषा ठरल्या, नव्या कवी रोवायच्या नाहीत असंही ठरलं आणि पुढच्या हंगामात पुन्हा आरोप झाले. राज्याचा १९८१चा सागरी मासेमारी कायदा १२ सागरी मैलांपर्यंत चालतो. बऱ्याच कवी त्याच्याही पलीकडे, केंद्राच्या हद्दीत आहेत. राज्य केंद्राकडे बोट दाखवतं, केंद्रासाठी हा दोन गावांतला तंटा.

अलीकडच्या गोष्टींनी हा तंटा झाकोळून टाकला आहे. २०१६मध्ये राज्याने पर्ससीनवर, म्हणजे मासळीचा थवाच्या थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, निर्बंध आणले, तरी बेकायदा पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीच्या तक्रारी थांबल्या नाहीत. फेब्रुवारी २०२४मध्ये वसई किल्ल्याच्या जेटीवरून भाईंदरला रो-रो, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणारी बोट, सुरू झाली. किल्ला पाहायला येणाऱ्यांची सोय झाली. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राने डहाणूजवळच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली आणि ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार कोटींच्या वर. भराव होणार तो समुद्रातच, आणि जहाजांची वर्दळ वाढणार ती याच पाण्यात.

वाढवणच्या विरोधात गुजरातच्या सीमेवरच्या झाईपासून मुंबईच्या कफ परेडपर्यंतचे कोळीवाडे एकत्र उतरले तेव्हा दालदावाले आणि डोलवाले शेजारी उभे होते. कवींवरची पुढची बैठक मात्र दोघांनाही हवी आहे, आणि दोघांच्याही पहिल्या मागण्या जुन्याच आहेत. तिकडे म्हणतात कवी काढा, इकडे म्हणतात कवी नोंदवा.