गूळ चालतो म्हणे!

गणपतीच्या आठवड्यात आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरला. वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेल्यांनी साखर सोडावी, पण गूळ आणि मध 'नैसर्गिक' असल्यामुळे बिनधास्त खावेत. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकूंचं असंच जठराचं (हृदयाचं नव्हे) बायपास झालंय आणि उकडीच्या मोदकावर त्यांचा जीव, म्हणून हे लिहिणं आलं.

जठराच्या खालच्या तोंडाला स्नायूंचं एक गोल कडं असतं, पायलोरस. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या मोठ्या सोसायटीचा वॉचमन जसा आतून होकार आल्याशिवाय कुणाला सोडत नाही, तसा हा. लहान आतड्याच्या सुरुवातीला गोड पोचलं की तिथून निरोप येतो, 'थांबव', आणि कडं आवळतं. त्यामुळे साखरेचं पाणी प्यायलो तरी जठरातून मिनिटाला साधारण 2 ते 3 कॅलरीच पुढे सरकतात. 30 ग्रॅम साखर म्हणजे 120 कॅलरी. ती उतरायला पाऊण तास तरी हवा.

1966 साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी सुरू केलेल्या गॅस्ट्रिक बायपासच्या आजच्या रूपात जठराचा जेमतेम 30 मिलीलीटरचा कप्पा ठेवून तो थेट आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. पायलोरस वाटेतून बाजूलाच पडतो. बासुंदीची वाटी काही मिनिटांत आतड्यात.

मग काय होतं? शाळेत मनुका साखरेच्या दाट पाकात टाकून परासरण शिकलो होतो, तेच. पाणी नेहमी दाट द्रावणाकडे धावतं. रक्तात विरघळलेल्या कणांचं प्रमाण लीटरमागे सुमारे 290 मिलीऑस्मोल. 30 ग्रॅम साखर 100 मिली पाण्यात असेल तर तिथे ते भरतं जवळपास 880, म्हणजे तिप्पट. पण खरी गंमत पुढे आहे. साखर, म्हणजे सुक्रोज, हा जोडरेणू. आतड्याच्या अस्तरावरचं सुक्रेज नावाचं विकर त्याचे दोन तुकडे करतं, एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. परासरणाला रेणू केवढा याच्याशी देणंघेणं नाही, किती आहेत एवढंच ते मोजतं. एकाचे दोन झाले की 880 चे 1750! ते रक्ताइतकं पातळ करायचं तर सगळं मिळून 600 मिली पाणी लागेल. तुकडे तयार होता होताच शोषलेही जातात, त्यामुळे प्रत्यक्षात एवढं पाणी येत नाही, पण जे येतं ते रक्तातून येतं. आतडं तट्ट फुगतं, रक्ताचं आकारमान घटतं, त्यात आतड्यातली संप्रेरकंही सुटतात. खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत पोटात कळ, जुलाब, छातीत धडधड, दरदरून घाम, आडवं पडावंसं वाटणं. डॉक्टर याला डम्पिंग म्हणतात.

आता गुळाचं बघा. गुळातही मुख्यतः सुक्रोजच. मधात तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आधीच सुटे, म्हणजे विकराचं कामही वाचलं. 'नैसर्गिक' हा शब्द आतड्याला वाचता येत नाही. साखरेला 'पांढरं विष' म्हणणारेही याच माळेतले. काकूंना त्रास देतो तो वेग आणि रेणूंची संख्या.

वजन कमी करण्याचं दुसरं ऑपरेशन म्हणजे स्लीव्ह, त्यात जठराचा मोठा भाग कापून काढतात. स्लीव्हवाल्यांचा पायलोरस शाबूत असतो, पण जठराची नुसती अरुंद नळी उरल्याने आतला दाब वाढतो आणि ती लवकर रिकामी होते. डम्पिंग त्यांनाही होऊ शकतं, साधारणपणे बायपासपेक्षा कमी. काहींना मात्र काहीच होत नाही. 'गोड खाल्लं की शरीरच शिक्षा करतं, म्हणून वजन उतरतं' या भरवशावर त्यांनी राहू नये.

दुसरा प्रकार उशिरा येतो, 1 ते 3 तासांनी. ग्लुकोज एकदम शोषलं गेलं की आतडं जीएलपी-1 हे इन्शुलिन वाढवणारं संप्रेरक भरमसाट सोडतं, स्वादुपिंड गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन ओततं आणि रक्तातली साखर घसरते. हात थरथरतात, घाम फुटतो, बोलताना गोंधळ होतो. घरचे म्हणतात, 'गोड खाल्लंस ना, शुगर वाढली.' ग्लुकोमीटर लावला तर नेमकं उलटं दिसतं. असं वारंवार होत असेल तर सर्जनला दाखवावंच, आणि तोवर गाडी चालवू नये.

उपाय सगळे वेग कमी करण्याचे. थोडं थोडं खाणं, आधी पनीर, अंडं, डाळ यांसारखी प्रथिनं, जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर कधी ॲकार्बोज देतात. ते सुक्रेजलाच अडवतं, सुक्रोजचे तुकडे सावकाश पडतात. म्हणून ही गोळी घेणाऱ्याच्या रक्तातली साखर उतरली तर चमचाभर साखर किंवा गुळाचा खडा देऊन पटकन फरक पडत नाही, शुद्ध ग्लुकोजच द्यावं लागतं. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट हॉस्पिटल.