अंडाशय स्थानांतरण

अंडाशय स्थानांतरण : गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ओटीपोटाला किरणोपचार देण्याआधी अंडाशये उचलून किरणांच्या वाटेबाहेर बसवण्याची शस्त्रक्रिया. मॅकॉल आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये तिचे वर्णन केले. आता ती बहुधा दुर्बिणीतून होते.

नाशिककडे बायका या रोगाला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात. ‘पिशवी’ म्हटले की गर्भाशय, अंडाशये, पाळी सगळे एकाच शब्दात येते, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. पिशवी काढली की पाळी थांबते. पण अंडाशये शाबूत असतील तर इस्ट्रोजेन बनतच राहते. ती निकामी झाली, तर तिशीतल्या बाईलाही रजोनिवृत्ती येते : अंगातून वाफा, रात्रीचा घाम, उडालेली झोप, योनीचा कोरडेपणा, पुढे ठिसूळ हाडे आणि हृदयविकाराचा वाढलेला धोका.

किरणांपुढे अंडाशय फार नाजूक. सुमारे २ ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रेत त्यातली निम्मी अपक्व बीजे नष्ट होतात. या रोगात ओटीपोटाला बाहेरूनच ४५ ते ५० ग्रे दिले जातात, ब्रेकीथेरपी (गाठीजवळ आतून दिलेले किरण) वेगळी. म्हणून निर्णय किरणांच्या पहिल्या शेकाआधीच घ्यावा लागतो.

शस्त्रक्रियेत अंडाशयाचा गर्भाशयाशी असलेला बंध तोडतात, रक्तवाहिन्यांचा देठ जपून मोकळा करतात आणि त्याला पीळ न पडेल अशा बेताने अंडाशय मोठ्या आतड्याच्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या कडेपासून निदान दीड सेंटिमीटर वर शिवतात. तिथे टायटॅनियमच्या क्लिपा लावतात, म्हणजे किरणोपचाराचा आराखडा आखताना सीटी स्कॅनवर जागा ओळखू येते.

ही शस्त्रक्रिया मुख्यतः चाळिशीच्या आतल्या, रोग सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या स्त्रियांसाठी. स्क्वॅमस प्रकारात (चपट्या पेशींचा कर्करोग) त्या टप्प्यात अंडाशयात रोग क्वचितच पोचतो, ॲडेनोकार्सिनोमात (ग्रंथींच्या पेशींचा कर्करोग) धोका जास्त. किरणोपचार लागणारच नसतील, तर बहुतेकदा अंडाशये जागच्या जागी ठेवली तरी भागते. हमी मात्र नाही : बाहेरून किरणोपचार झालेल्यांपैकी साधारण ६५ टक्के स्त्रियांचे अंडाशय काम करत राहते. ते थांबलेच तर हार्मोनच्या गोळ्या देता येतात. ‘कॅन्सर झालेल्या बाईला हार्मोन चालत नाहीत’ हा समज स्तनाच्या कर्करोगावरून आला आहे. स्क्वॅमस प्रकाराला तो लागू नाही.

अंडाशय वाचले म्हणजे मूल होण्याची सोय झाली, असेही नाही. किरणांनी गर्भाशय गर्भ वाढवण्याजोगे सहसा राहत नाही. उपचाराआधी बीजे काढून गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात. अंडाशय हलवल्यानंतर बीजे काढायची तर ती पोटाच्या भिंतीतून सुई घालून काढावी लागतात. गर्भ वाढवायला सरोगसी (दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात), आणि तिला २०२१ च्या सरोगसी कायद्याच्या अटी.

किरणोपचाराची सोय आता नाशिक शहरात आहे. पण जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठ तालुक्यांकडून येणाऱ्या बाईला आठवड्यातले पाच दिवस, पाचेक आठवडे शहरात राहायचे असते, आणि घरच्यांची सारी धडपड त्या मुक्कामातच जाते. अंडाशयाचा विषय निघतो तोवर शेक सुरू झालेला असतो. शिवाय अंगावरून जाते म्हणून महिनोन्‌महिने दुर्लक्ष झालेल्या बाईच्या बाबतीत डॉक्टरही थांबायला तयार नसतात : ब्रेकीथेरपीसकट सगळा किरणोपचार आठ आठवड्यांच्या आत संपायला हवा असतो, आणि गाठ मोठी असेल, रक्त जात असेल, तर आधी अंडाशये हलवण्याची शस्त्रक्रिया करायला वेळच उरत नाही.