राजघराण्यातील वधूचा हिऱ्याचा टियारा

टियारा हा कपाळावरच्या केसांत बसणारा, मागून उघडा असलेला कमानदार रत्नमुकुट. हा मूळचा युरोपातला दागिना. मराठी वधूच्या मस्तकावर परंपरेने बिंदी-बिजवरा, मूद, राखडी, केवडा येतात. सातारा-सांगलीकडच्या राजघराण्यात टियारा घडवायचा तर परदेशी नमुना जसाच्या तसा उतरवून भागत नाही. इथे मुंडावळ्या बांधायच्या असतात, डोक्यावरून पदर येतो आणि मंगलाष्टकांना अक्षता पडतात.

माप खोपा घातल्यावरच, एका कानामागून दुसऱ्या कानामागे घ्यावे; मोकळ्या केसांवरचे माप हमखास चुकते. मग पितळी तारेचा कच्चा सांगाडा करून तो शालूच्या पदरासह तासभर घालून पाहावा. टोके रुतली तर डोके दुखते. सैल राहिली तर पदराच्या ओढीने टियारा मागे कलंडतो. मुंडावळ्यांसाठी कपाळ मोकळे ठेवावे. हिरे धरून ठेवणाऱ्या नख्या उंच ठेवल्या की त्यांत पदराची जरीची तार अडकते आणि तांदूळही. त्यामुळे वरच्या कडेचे हिरे बंद कड्यात बसवणेच योग्य.

वजन हिऱ्यांमुळे वाढत नाही. ५ कॅरट म्हणजे १ ग्रॅम, म्हणजे ४० कॅरट हिरे अवघे ८ ग्रॅम भरतात. भार धातूचा असतो. १८ कॅरट सोन्यापेक्षा (इथे कॅरट म्हणजे वजन नव्हे, शुद्धता) प्लॅटिनम त्याच आकारात सुमारे तृतीयांशाने जड भरते. म्हणून सांगाडा पांढऱ्या सोन्याचा आणि मोठ्या हिऱ्यांच्या नख्या तेवढ्या प्लॅटिनमच्या करतात. मात्र वजन वाचवायला पट्टी फार बारीक करू नये. २० नोव्हेंबर १९४७ रोजी ब्रिटनच्या राजकन्या (पुढे राणी) एलिझाबेथ यांचा टियारा लग्नाच्या सकाळीच मोडला आणि राजघराण्याच्या जवाहिऱ्याकडून तातडीने दुरुस्त करून घ्यावा लागला.

घरचे जुने दागिने मोडून घडवायचे असल्यास सोने आधी गाळून शुद्ध करावे. जुन्या झाळकामातले (सांधे जोडण्याच्या कामातले) शिसे थोडे जरी उरले तरी सोने ठिसूळ होऊन तडकते. विटा-खानापूर-आटपाडी भागातले गलाईवाले, म्हणजे सोने-चांदी गाळणारे कारागीर, या कामासाठी देशभर पोचले आहेत. जुने पोलकी, म्हणजे पैलू न पाडलेले, हिरे चपटे असतात. त्यांच्या कोंदणात मागे चकाकीचा वर्ख असतो आणि पाणी शिरले की तो काळवंडतो. नव्या, मागून उघड्या बसवलेल्या हिऱ्यांच्या ओळीत ते निस्तेज दिसतात. त्यांना वेगळी ओळ द्यावी.

मधला भाग फिरकीवर सुटा ठेवला तर पुढे तन्मणीचे खोड (मधले पदक) म्हणून वापरता येतो. फिरक्या मात्र एकमेकींच्या जागी बसत नाहीत. प्रत्येकीवर व तिच्या जागेवर एकच आकडा कोरून घ्यावा.