लेखनिक मिळाला, लिहायला कोण शिकवणार?

सोलापुरातल्या बहुतेक शिक्षकांपर्यंत अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही मुलाला वाचणं, लिहिणं किंवा गणित फार जड जाणं, पोहोचली ती दहावीच्या परीक्षेतल्या सवलतींच्या वाटेने. लेखनाबद्दलच्या त्यांच्या आजच्या समजुतींचं मूळ मला तिथेच दिसतं.

१९६३ साली अमेरिकेत रूढ झालेली ही संकल्पना आपल्या १९९५ च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत नव्हती. तरीही राज्यात १९९६ पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या. त्यांचा फायदा बरीच वर्षं मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांनाच जास्त झाला. आपल्याकडे सोलापूर शहरात मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा. शहराच्या पूर्व भागातलं घरी तेलुगू बोलणारं मूल मराठी शाळेत ‘विद्यार्थी’चं ‘विदयाथि’ करायचं, भ आणि म मध्ये घोटाळा करायचं, शिरोरेषा अर्ध्यात सोडायचं, की शिक्षक म्हणायचे, घरची भाषा वेगळी, चालायचंच. काही मुलांच्या बाबतीत ते खरंही होतं. पण त्याच घरातली धाकटी बहीण नीट लिहीत असेल, तर भाषेचं कारण पुरत नाही, हे कुणी तपासायचं नाही. उपाय ठरलेला: शुद्धलेखनाचं पान रोज दहा वेळा.

खरा वाद लेखनिकाचा, म्हणजे परीक्षेत मूल सांगेल ते उत्तर लिहून देणाऱ्याचा. उत्तर डोक्यात आहे, हात साथ देत नाही, मग खालच्या इयत्तेतला मुलगा लिहायला दिला तर बिघडलं कुठे, हा एक पक्ष. ही कॉपीची पळवाट, हा दुसरा. मी पहिल्या पक्षाचा. वर्षभर तोंडी उत्तरं देणाऱ्या मुलाला तीन तासांत हस्ताक्षरावरून नापास करणं अन्यायच आहे. मात्र या भांडणात तिसरी गोष्ट मागे पडली. अक्षमतेचं प्रमाणपत्र हातात आलं की वर्गात त्या मुलाची वही तपासणं थांबतं. ‘त्याला लेखनिक आहे ना’ हे वाक्य शिक्षककक्षात सहज ऐकू येतं. त्यामागची समजूत अशी की लेखन म्हणजे अक्षर आणि ऱ्हस्व-दीर्घ. ते जमत नसेल तर निबंध शिकवायचा कशाला? प्रत्यक्षात मुद्दे तोंडी जुळवणं, ते क्रमाने लावणं, एकेक वाक्य वाढवणं, मग दुरुस्त करणं हे अशा मुलांना पायरीपायरीने शिकवता येतं. अक्षर सुधारेपर्यंत थांबावं लागत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले आणि अध्ययन अक्षमता त्यात आली. त्याच्या कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट आहे. हे कलम पालकांनाही पाठ असतं. आधीचं कलम १६ सांगतं की अक्षमता लवकरात लवकर ओळखा आणि अध्यापनाचे योग्य उपाय करा. त्याबद्दल विचारणारा पालक विरळा. कंत्राटी विशेष शिक्षक शाळा-शाळा फिरतात, पण एका मुलाच्या वहीवर सलग महिनाभर बसायला त्यांना सवड कुठून मिळणार?

त्यात आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही हे धोरण बरीच वर्षं होतं, त्यामुळे लेखनाची अडचण नववीत उघडी पडायची. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्रासाठी किमान वय आठ वर्षं ठेवलं. पुढे कोरोनात शाळा बंद पडल्या आणि सगळ्यांचंच लिहिणं मागे गेलं. तिसरी-चौथीच्या वर्गात जोडाक्षरं चुकणारी मुलं इतकी वाढली की त्यातलं कोणतं मूल सरावाने सावरेल आणि कोणाला वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागेल, हे ओळखणं शिक्षकांना आणखी अवघड झालं.