दारव्हेकर, पुरुषोत्तम

(१ जून १९२६–२१ सप्टेंबर १९९९). मराठी नाटककार, बालनाट्यकार, दिग्दर्शक व गीतकार. जन्म नागपूरचा आणि नाट्यलेखनाची पायाभरणीही नागपुरातलीच. रंगकर्मी त्यांना आदराने ‘दारव्हेकर मास्तर’ म्हणत. विदर्भाबाहेर ते प्रामुख्याने ‘कट्यार काळजात घुसली’चे लेखक म्हणून माहीत आहेत. मुलांसाठी लिहिणारा, मुलांना हाताशी घेऊन नाटक बसवणारा माणूस ही त्यांची ओळख मात्र मागे पडली. हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

नागपुरात त्यांनी रंजन कला मंदिर ही संस्था स्थापन केली आणि तिच्यामार्फत मोठ्यांच्या नाटकांबरोबर बालनाट्येही रंगमंचावर आणली. ‘उपाशी राक्षस’ आणि ‘मोरूचा मामा’ ही त्यांची बालनाट्ये. मराठी बालरंगभूमीचा विषय निघाला की मुंबई आणि सुधा करमरकरांचे ‘मधुमंजिरी’ (१९५९) हे नाटक आधी आठवते. ते योग्यच आहे. पण नागपूरचे हे काम त्याच्या शेजारी मांडल्याशिवाय तो इतिहास पुरा होत नाही.

बालप्रेक्षक भिडेखातर टाळ्या वाजवत नाही. प्रवेश रेंगाळला की चुळबुळ सुरू होते, कुणाला पाणी हवे असते, कुणाला घरी जायचे असते. तिथे संवाद छोटा लागतो, कोण कुणाच्या विरोधात उभा आहे हे पहिल्या काही मिनिटांत कळावे लागते आणि गाणे गोष्टीला पुढे ढकलणारे असावे लागते. दारव्हेकरांच्या मोठ्यांच्या नाटकांतही ही शिस्त दिसते.

‘कट्यार’ हे त्याचे ठळक उदाहरण. नाट्यसंपदा या नाट्यसंस्थेने २४ डिसेंबर १९६७ रोजी रंगमंचावर आणलेल्या या नाटकाचा सांगाडा खरे तर बाळगोपाळांना सांगायच्या गोष्टीचा आहे : एक संस्थान, एक राजा, गाण्याची स्पर्धा, जिंकणाऱ्याला राजगायकपद आणि एक कट्यार. त्या कट्यारीने केलेला एक खून माफ! एवढ्या सरळ कथानकावर घराण्याचा अहंकार, विद्येची चोरी आणि गुरुशिष्यनात्याचा सारा ताण तोलला आहे. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद पंडितजी आणि खाँसाहेब हे नाटकातले दोन प्रतिस्पर्धी गायक आपापल्या ढंगात गातात. दोघांतला फरक कुणी बोलून सांगत नाही, तो कानाला कळतो. पदे दारव्हेकरांचीच; संगीत जितेंद्र अभिषेकींचे. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे होते. त्यांचे बालपण आणि सुरुवातीचे संगीतशिक्षणही नागपुरातच झालेले.

‘चंद्र नभीचा ढळला’, ‘घनश्याम नयनी आला’, ‘नयन तुझे जादूगार’ ही दारव्हेकरांची इतर नाटके. ‘वऱ्हाडी माणसं’मध्ये त्यांनी आपल्या मुलखातली माणसे नाटकात आणली. वऱ्हाडी बोली मराठी रंगमंचावर बरेचदा नोकराच्या किंवा गावंढळ पात्राच्या तोंडी हशापुरती येते, हे लक्षात घेता या नाटकाचे मोल अधिक वाटते.

नोकरीच्या निमित्ताने ते आकाशवाणीच्या नागपूर केंद्रात होते, पुढे दूरदर्शनवर निर्माते झाले. २०१५ मध्ये सुबोध भावे यांनी ‘कट्यार’वर चित्रपट केला. त्यात नवी गाणी आली, तरी ‘घेई छंद मकरंद’ आणि ‘तेजोनिधी लोहगोल’ ही दारव्हेकरांची पदे कायम राहिली.